हिरवं बटण

अधिकारी: पुन्हा वाचतो. तीन वाजून बारा मिनिटं नऊ सेकंद, बाईचा आवाज: ‘हरलास! कप धू.’ तीन वाजून बारा मिनिटं अकरा सेकंद, तोच आवाज: ‘एक्केचाळीस, खाली येऊ नका, आहात तिथेच थांबा, ताबडतोब.’ मधे दोन सेकंद. मॅडम, या दोन सेकंदांत काय झालं, तेवढंच मला हवंय.

मावशी: दोन सेकंदांत काय होणार? जीव गेला आणि परत आला.

लंबू: तेच लिहा साहेब. छान आहे.

अधिकारी: तुम्ही मधे बोलू नका. तुमचं नंतर येणार आहे.

लंबू: नंतर कशाला? वरच्याच ओळीत आहे. ‘एक्केचाळीस थांबणार, लावता पैज?’ तो मीच.

अधिकारी: इथे टायपिस्टनं ‘अनोळखी पुरुष’ लिहिलंय.

लंबू: घ्या! चौदा वर्षं विमानं हाकली त्या खोलीत, आणि अनोळखी पुरुष.

अधिकारी: म्हणून तर दोघांना एकत्र बसवलंय. चौकशीत जबाब खरं तर वेगवेगळे घ्यायचे असतात. पण तुम्ही दोघं एकमेकांच्या बोलण्यावर इतकं बोलता, की ध्वनिमुद्रण ऐकून कोण कोणाला हरवतंय हेच कळेना. आणि ही ‘मावशी’ कोण? तीन ठिकाणी उल्लेख आहे.

मावशी: मीच.

अधिकारी: यांच्या नात्यातल्या आहात?

मावशी: छे हो. अख्ख्या खोलीची मावशी. नोकरीला लागले तेव्हा ताई होते, मग वहिनी झाले, आता मावशी. अकरा महिन्यांनी निवृत्त होतेय. आजी म्हणायच्या आत सुटेन.

अधिकारी: आणि ‘लंबू’ म्हणजे...

लंबू: उठून दाखवू?

अधिकारी: नको, नको. बसलेलेच पुरे आहात.

लंबू: साहेब, राग मानू नका, पण ती खुर्ची बदला.

अधिकारी: का? या खोलीत सगळ्यात चांगली हीच दिसतेय.

लंबू: म्हणूनच सांगतोय.

मावशी: बसू दे रे त्यांना. त्यांच्याच विभागाकडून आलीय.

अधिकारी: तर मुद्दा असा, की कामाच्या वेळी... अरे! अरे, हे काय होतंय?

(खुर्ची थरथरते.)

लंबू: घाबरू नका, वीस सेकंदांत थांबते. आम्हाला झोप लागू नये म्हणून तुम्ही मागच्या वर्षी पाठवल्या होत्या. दर दहा मिनिटांनी हलते.

मावशी: सहा आल्या होत्या. तिसऱ्या दिवसापासून माणसं पाळण्यात घातल्यासारखी झोपायला लागली. पाच परत पाठवल्या. हिला बंद कसं करायचं ते कोणाला सापडलं नाही, म्हणून हिला इथे आणून टाकलं.

अधिकारी: मी... मी स्टुलावर बसतो.

लंबू: त्याच्या आधी ते श्वासवाले आले होते. डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या, मन आकाशासारखं रिकामं करा. मी म्हटलं, अहो, आमचं आकाश रिकामं नाहीये, तीच तर अडचण आहे.

अधिकारी: ते शिबिर आमच्या विभागानं घेतलं नव्हतं. तो प्रशिक्षण विभाग. आमचा सतर्कता विभाग.

लंबू: म्हणजे आम्ही जागे आहोत का, ते तुम्ही बघता.

अधिकारी: हो.

लंबू: आणि तुम्ही जागे आहात का, ते कोण बघतं?

अधिकारी: आम्ही दर तीन महिन्यांनी वर अहवाल पाठवतो.

लंबू: वर कोण वाचतं?

अधिकारी: मुद्द्यावर येऊ या. विमानं आकाशात असताना तुम्ही पैजा लावता.

मावशी: आकाशात असतानाच लावता येतात. उभ्या विमानावर काय पैज लावणार?

अधिकारी: मॅडम, हे गंभीर आहे. पैज नेमकी कशावर?

मावशी: जावई आता काय म्हणेल, यावर.

अधिकारी: आता हा जावई कोण?

लंबू: यंत्र हो साहेब. तुमची ती नवी प्रणाली, विमानांना रस्ता दाखवणारी.

मावशी: आल्या दिवसापासून खोलीतली सगळ्यात गार जागा त्याला. त्याच्याजवळ पाणी न्यायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. चुकला तरी ‘त्याच्या मनात काहीतरी वेगळं असेल’ असं म्हणायचं. आणि रुसून बसला की मुख्य कार्यालयातून चार माणसं धावत येणार आणि हात जोडून उभी राहणार. दुसरं काय नाव ठेवायचं तुम्हीच सांगा.

अधिकारी: आणि खेळ कसा असतो?

लंबू: सोपा आहे. पडद्यावर चौदा ठिपके समजा. एक ठिपका म्हणजे एक विमान, बाजूला त्याचा नंबर आणि उंची. जावई एकेकाला सांगत असतो, तू वळ, तू खाली ये, तू जरा थांब. पूर्वी हे आम्ही घसा फोडून सांगायचो. आता तो परस्पर वैमानिकाला कळवतो आणि आम्ही बघत बसतो. तर तो सांगायच्या आधी आपण ओळखायचं. चुकेल त्यानं कप धुवायचे. बस.

अधिकारी: आणि मॅडम, तुम्ही कशावरून ओळखता?

मावशी: मी कशावरूनही नाही. हा म्हणेल त्याच्या उलट म्हणते.

अधिकारी: नेहमीच?

मावशी: दोघांनी एकच म्हटलं तर कप कोण धुणार?

अधिकारी: पण कशासाठी हे सगळं? तुम्हाला फक्त लक्ष ठेवायचंय. बाकी सगळं यंत्र करतं.

मावशी: साहेब, तुम्ही लांबच्या प्रवासाला गाडीनं जाता ना? गाडी चालवणारा झोपतो की शेजारी बसणारा?

अधिकारी: शेजारी बसणारा. आमच्याकडे मीच झोपतो.

मावशी: तर आम्ही शेजारी बसणारे आहोत. पूर्वी पाळी संपली की घसा बसायचा, आता पाठ बसते. घरी गेले की नवरा विचारतो, काय केलंस दिवसभर? मी म्हणते, बघत बसले. तो म्हणतो, मीही टीव्हीसमोर तेच केलं, मला कोणी ‘दमलास का’ म्हणून विचारत नाही.

लंबू: आणि दमायला होतं, खरंच होतं. काम करून दमणं वेगळं. हे म्हणजे कोणाची तरी वाट बघून दमणं, आणि तो आलाच नाही तर बरं असंही वाटत राहणं.

अधिकारी: त्यासाठीच तर हिरवं बटण दिलंय. दर दहा मिनिटांनी दिवा लागतो, पंधरा सेकंदांत बटण दाबायचं. दाबलं म्हणजे माणूस सतर्क. तुमच्या खोलीचं प्रमाण अठ्ठ्याण्णव टक्के आहे. उत्तम आहे.

लंबू: पैलवानाचं शंभर आहे.

अधिकारी: ते सकाळच्या पाळीतले? हो, त्यांचा तर आम्ही फोटो छापला. ‘वर्षातील सर्वाधिक सतर्क सहकारी’.

लंबू: त्या फोटोतसुद्धा त्याचे डोळे मिटलेले आहेत.

अधिकारी: फ्लॅशमुळे असेल.

मावशी: साहेब, तो घोरता घोरता बटण दाबतो. दिवा लागताना टक् असा आवाज होतो. टक् झालं की याचा हात पुढे. झोपेत आपण डास मारतो की नाही, तसा.

अधिकारी: हे मी ऐकलं नाही असं समजतो.

मावशी: समजा. तुमच्या विभागाला ते चांगलं जमतं.

अधिकारी: मॅडम, मी खरं तर तुमच्या बाजूनं आलोय. पुढे ऐका, म्हणजे कळेल. मंगळवार, दुपार. तुम्ही पडद्यावर आहात. यांची चहाची सुट्टी, त्यामुळे शेजारची खुर्ची रिकामी. मालवाहू विमान, नंबर नऊ. त्याच्या वर प्रवासी विमान, नंबर एक्केचाळीस, आत एकशे बासष्ट माणसं. यंत्रानं नऊला खाली जायला सांगितलं, आणि नऊची जी जागा रिकामी होणार होती तिथे एक्केचाळीसला टप्प्याटप्प्यानं उतरवायला घेतलं. बरोबर?

मावशी: बरोबर.

अधिकारी: नऊचा वैमानिक रेडिओवर तुम्हाला म्हणाला, खाली दाट ढग आहेत, मी इथेच थांबतो. तुम्ही म्हणालात...

मावशी: ‘ठीक. थांबा.’

अधिकारी: आणि हे यंत्राला कळवायचं राहून गेलं.

मावशी: राहून गेलं.

अधिकारी: त्यामुळे यंत्राला वाटलं, नऊ निघायला उशीर करतंय, आणि ते एक्केचाळीसला उतरवतच राहिलं.

लंबू: मालवाहूवाले करतातच. कधी सांगितल्याबरोबर हललेत? जावई दीड मिनिट वाट बघतो आणि मग बोंब मारतो.

अधिकारी: दोन विमानांत तीनशे मीटर उंचीचं अंतर हवं. राहिलं एकशे ऐंशी. पण यंत्राची घंटा वाजायच्या एकोणीस सेकंद आधी मॅडमनी एक्केचाळीसला थांबवलं. कोणालाही इजा नाही.

लंबू: एका प्रवाशानं तक्रार केलीय, अंगावर सरबत सांडलं.

अधिकारी: ती वेगळी फाइल आहे.

मावशी: एकोणीस सेकंद उशीर झाला असता तर किती राहिलं असतं, ते काढलंत?

अधिकारी: ते... मुद्दाम नाही काढलं.

मावशी: मी काढलं. तीस मीटर. दहा मजली इमारत असते ना, तेवढं. तेही अंदाजानं.

अधिकारी: पण तसं झालं नाही, हे महत्त्वाचं. आणि झालं नाही ते तुमच्यामुळे. हा यांचा लेखी जबाब आहे: ‘मी चहा घेऊन आत आलो तेव्हा मावशींचा हात आधीच माइकवर होता आणि त्या पडद्याकडे अत्यंत बारकाईने पाहत होत्या.’

मावशी: ‘अत्यंत बारकाईने’? शब्द कुठून आणलास रे?

लंबू: पूर्वीच्या जबाबातून उतरवून घेतला.

अधिकारी: आता निष्कर्ष वाचतो. ‘पर्यवेक्षकाने केवळ स्वतःच्या दक्षतेच्या बळावर यंत्राच्या आधी धोका ओळखला. तीन वाजून अकरा मिनिटांनी हिरवे बटण वेळेवर दाबलेले असल्याने पर्यवेक्षक त्या काळात पूर्ण सतर्क होता हे सिद्ध होते.’

मावशी: निष्कर्ष टाइप होऊन आलाय? आणि जबाब आत्ता घेताय?

अधिकारी: मसुदा आहे हो. यंत्राला कळवायचं राहिलं, त्याला ‘किरकोळ विलंब’ म्हणू. पैजेचं मी ‘सहकाऱ्यांमधील कामविषयक चर्चा’ असं करून घेतो. तुम्हाला प्रशस्तिपत्र मिळेल. फ्रेमसकट.

लंबू: पैलवानाच्या शेजारी लावा. दोघांपैकी एकाचे तरी डोळे उघडे असतील. मावशी, संपलं. सही करा, चहा घेऊ. आज कप मी धुतो.

मावशी: एक मिनिट. साहेब, त्या निष्कर्षाच्या खाली अजून काहीतरी आहे.

अधिकारी: ती शिफारस. त्याचा तुमच्याशी संबंध नाही.

मावशी: वाचा तर.

अधिकारी: ‘प्रस्तुत घटनेवरून असे दिसून येते की एका पडद्यासाठी एक पर्यवेक्षक पुरेसा आहे. सबब येत्या पहिल्या तारखेपासून सर्व अकरा केंद्रांतील दुसरी खुर्ची कमी करण्यात यावी.’

लंबू: कमी म्हणजे?

अधिकारी: काढून. दुसरी माणसं इतर कामांना वळवली जातील. कोणाची नोकरी जाणार नाही, तेवढं मी स्वतः बघितलंय.

मावशी: आणि हे माझ्यावरून ठरलं.

अधिकारी: ठरत आलंच होतं. बटणाचे आकडे हातात होते, फक्त एक प्रत्यक्षातलं उदाहरण हवं होतं. एकटी पर्यवेक्षक, दुपारची सुस्त वेळ, शेजारी कोणी नाही, आणि तरी यंत्राच्या एकोणीस सेकंद पुढे! याहून चांगलं उदाहरण शोधूनही मिळालं नसतं.

मावशी: पेन बंद करा साहेब. नाही, थांबा, उघडंच ठेवा.

लंबू: मावशी, नको.

मावशी: तू गप्प बस.

लंबू: नाही बसणार. साहेब, यांना बरं वाटत नाहीये. त्या दिवसापासून झोप नाही नीट. आपण उद्या...

मावशी: लंबू.

लंबू: बसलो.

मावशी: साहेब, मी बघत नव्हते.

अधिकारी: म्हणजे?

मावशी: म्हणजे बघत नव्हते. डोळे पडद्याकडेच होते. जागी होते, पाठ ताठ होती, चष्मा पुसलेला होता. पण बघत नव्हते.

अधिकारी: तीन अकराला तुम्ही बटण दाबलंय.

मावशी: तेच सांगतेय. वैमानिक म्हणाला, मी थांबतो. मी म्हटलं, ठीक. आता हे जावयाला सांगायचं, म्हणून हात उचलला. आणि बरोबर तेव्हाच टक्. दिवा लागला. हात उचललेलाच होता, तो गेला हिरव्यावर. दाबलं. दिवा विझला. आणि मला वाटलं, झालं. एक काम होतं, ते केलं.

अधिकारी: यंत्राला सांगायच्या ऐवजी...

मावशी: तुम्हाला सांगितलं, की मी जागी आहे.

अधिकारी: अरे बापरे.

मावशी: बटणावर ढकलत नाहीये मी. हात माझा होता. पण तुम्ही लिहिलंय, त्या मिनिटाला बटण दाबलं म्हणून मी सतर्क होते. त्याच मिनिटाला, त्याच बटणानं माझी चूक झाली. ती मला कळलीसुद्धा नाही.

अधिकारी: आणि त्यानंतर? पुढचं एक मिनिट?

मावशी: बहिणीला घरात पडदे लावायचेत. निळं कापड घ्यावं की करडं, ते ठरवत होते.

लंबू: हे लिहू नका हां साहेब.

मावशी: लिहा. निळं. मग हा आला, हातात दोन कप. दारातूनच म्हणाला, एक्केचाळीस थांबणार, लावता पैज? मी मान वर न करता म्हटलं, थांबत नाही, खाली नेणार. मग कोण हरलं ते बघायला म्हणून बघितलं. फक्त त्यासाठी. जावयानं एक्केचाळीसला पुढचा टप्पा दिला होता, आणखी खाली. मी जिंकले होते. म्हटलं, हरलास, कप धू. आणि म्हणता म्हणता मनात आलं, हा कसा हरला? हा सहसा हरत नाही. मीच धुते रोज कप. हा थांबणार म्हणाला ते कशावरून? म्हणून त्याच्या नजरेनं बघायला गेले, आणि खाली नऊ नंबर दिसला. होता तिथेच. ते तुमचे दोन सेकंद.

अधिकारी: म्हणजे धोका यांनी ओळखला? दारातून?

लंबू: कसला धोका ओळखतोय मी! मला दिसलं, नऊ हललेला नाही. मग जावई एक्केचाळीसला थांबवणार, साधी गोष्ट आहे, असं वाटलं. तो थांबवणार नाही हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, आजही कप वाचले.

अधिकारी: थांबा. म्हणजे यांनीही ओळखला नाही आणि तुम्हीही नाही?

मावशी: अर्धं यानं बघितलं, अर्धं मी. तेही भांडता भांडता. आता यातला एक उचलून तुम्ही दुसऱ्या कामाला वळवणार, तर उरलेलं अर्धं घेऊन दुसऱ्यानं काय करायचं?

अधिकारी: मॅडम, तुम्ही जे सांगताय त्याचा अर्थ तुम्हाला कळतोय ना? हे जबाबात गेलं, की आजपासून तुम्ही पडद्यावर बसू शकत नाही. किमान एक वर्ष. त्यानंतर पुन्हा प्रशिक्षण, पुन्हा परीक्षा.

मावशी: माझे अकरा महिने राहिलेत.

अधिकारी: म्हणून तर विचारतोय. म्हणजे पुन्हा कधीच...

मावशी: म्हणजे मंगळवार शेवटचा. कळतंय मला. एवढा हिशेब येतो.

लंबू: पण का? काय गरज आहे? मी लिहून दिलंय ना! माझा जबाब आहे, साहेबांचा निष्कर्ष टाइप झालाय, सगळ्यांचं जमून आलंय, आणि तुम्ही... साहेब, इतकी वर्षं झाली, यांच्या हाताखालून गेलेल्या एका विमानाचं चाकसुद्धा वाकडं झालेलं नाही. मला पहिल्या दिवशी यांनीच शिकवलं, माइक कसा धरायचा ते. एका टक् साठी यांना उठवणार?

मावशी: ओरडू नकोस. भिंत पातळ आहे, पलीकडे पैलवान झोपला असेल.

लंबू: विनोद नका करू आत्ता!

मावशी: मग काय करू? मला आनंद होतोय असं वाटतंय का तुला? मला तिथून असं उठायचं नव्हतं रे. शेवटच्या दिवशी सगळ्यांना नावं ठेवून, जावयाला एक टपली मारून, माझ्या पायांनी बाहेर पडणार होते. वाईट वाटतंय मला. खूप वाईट वाटतंय. पण पहिल्या तारखेपासून तू एकटा बसशील. दुपारी तीन वाजता, शेजारी कोणी नाही. आणि माझी फ्रेम भिंतीवरून तुला सांगणार, एकटीला जमलं होतं बघ.

लंबू: मी जागा राहीन.

मावशी: मीही जागीच होते.

अधिकारी: मॅडम, मी गेल्या तीन वर्षांत अशा घटनांचे एकतीस जबाब घेतलेत. एकतीसच्या एकतीस जणांनी लिहिलंय, ‘मी पूर्ण सतर्क होतो.’

मावशी: सगळे खरे?

अधिकारी: मला वाटायचं. त्या जबाबांवरच तर हे सगळं उभं आहे. बटण, टक्केवारी, ही शिफारस. वर चारशे पानांचा अहवाल गेला, माझी पानापानावर सही आहे.

लंबू: वाचलात का तो पूर्ण?

अधिकारी: बारा पानं.

लंबू: आणि पुढे? टक् झालं की हात पुढे?

अधिकारी: दुपारची वेळ होती हो. सगळी पानं सारखीच दिसत होती.

मावशी: बघा, तुमच्याही शेजारी कोणीतरी हवं होतं.

अधिकारी: हे बघा, खुर्ची राहील असं वचन मी देऊ शकत नाही. तो निर्णय माझ्या बराच वरचा आहे. पण ‘एक पुरेसा आहे’ हे वाक्य आता माझ्या सहीनं जाणार नाही. ते पान मी फाडतो. आणि बटणाबद्दल तुम्ही जे सांगितलंत ते पहिल्या पानावर घेतो, बाराव्याच्या आत. म्हणजे कोणीतरी वाचेल.

मावशी: बास. मग माझं लिहा.

अधिकारी: नक्की? एकदा शाईनं लिहिलं की...

मावशी: लिहा हो. नाहीतर मी बदलेन मत. मी काही फार थोर बाई नाही.

लंबू: साहेब, दोन मिनिटं बाहेर जाऊन येऊ का मी?

अधिकारी: जा ना.

लंबू: नको. बसतो इथेच.

अधिकारी: लिहिलं. ‘सदर काळात मी पडद्याकडे पाहत होते, परंतु माझे लक्ष नव्हते.’ चालेल?

मावशी: ‘सदर’ काढा. बाकी ठीक आहे.

अधिकारी: आता शेवटचा रकाना. घटनेचं कारण. हा मोकळा सोडता येत नाही. पर्याय छापलेले आहेत, एकावर खूण करायची. झोप?

मावशी: नव्हती. रात्री चांगली झाली होती.

अधिकारी: आजारपण?

मावशी: नाही.

अधिकारी: घरगुती ताण?

मावशी: नवरा आहे, पण यात त्याचा हात नाही.

अधिकारी: यंत्रातला बिघाड?

मावशी: यंत्र उत्तम चालू होतं.

अधिकारी: मग ‘इतर’ उरतं. आणि ‘इतर’पुढे काय ते स्पष्ट लिहावं लागतं. काय लिहू?

मावशी: लिहा, सगळं नीट चाललं होतं.